स्वीडनमध्ये जुनी व्होल्वो इस्टेट घेऊन मॉडिफाय करावी का? 240 की 940?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी गोथेनबर्गला आलात, घरच्यांनाही लवकरच आणणार आहात, बजेट बेताचं आहे, आणि इथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या चौकोनी व्होल्वो इस्टेटनी, म्हणजे छत मागेपर्यंत नेलेल्या लांब डिकीच्या गाड्यांनी, तुम्हाला वेड लावलंय. 240 घ्यावी की 940, आणि ती "थोडी खाली बसवून, टर्बो वाढवून" वापरता येईल का, असं विचारलंय. खाली बसवण्याचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

आधी सरळ उत्तर. 940 घ्या. आठ व्हॉल्व्हच्या लाल इंजिनाची, म्हणजे बी230. सोळा व्हॉल्व्हची कोणी फुकट दिली तरी नको, कारण तिचा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलं. आठ व्हॉल्व्हवालीचा बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात थांबते, नवा घातला की पुन्हा चालते. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवायचाच असेल तर 1990 च्या आधीचं इंजिन टाळा. त्यातले कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, 9 मिलिमीटरचे, बारीक. 1990 पासून 13 मिलिमीटरचे आले आणि तेव्हापासून हे इंजिन खरं दणकट झालं.

240 वर माझा राग नाही. यान विल्सगॉर्डने आखलेली ती गाडी 1974 ते 1993 कारखान्यातून निघत राहिली आणि आजही दारात उभी असली की बघत राहावंसं वाटतं. पण आता ती शौकिनांच्या हातात गेली आहे आणि किंमतही त्यांच्या हिशोबाने चढली आहे. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांच्या इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण बोटांनी चोळलं तरी भुगा होऊन गळतं. हीटरचा पंखा बदलायचा तर जवळजवळ अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पहिली गाडी म्हणून, बायकोमुलांना घेऊन, ही डोकेदुखी कशाला?

आता खाली बसवण्याबद्दल.

माझी 940 ही 1996 ची, कमी दाबाच्या टर्बोची, 135 हॉर्सपॉवरची. ती आम्ही दोघांनी भागीदारीत घेतली होती. भागीदार सांगलीचा, माझ्याच ऑफिसात, हाताने कामाला फार चांगला. वेल्डिंग तर असं करायचा की जोड शोधावा लागे. गोथेनबर्गमधल्याच हिसिंगेनला एक गॅरेज भाड्याने घेतलं होतं आणि शनिवार-रविवार आमचा तिथेच जायचा. पत्र्याचा गंज कापून नवा पत्रा लावणं, ब्रेकचे पाईप बदलणं, जॅक लावायच्या जागा मजबूत करणं, इथपर्यंत आमचं एकमत होतं. मग त्याच्या डोक्यात गाडी खाली घ्यायचं आलं.

आमच्या गाडीला मागे निवोमॅट शॉकअप होते. नाव ऐकलं नसेल तर समजून घ्या, कारण इस्टेट घेताना याच्याइतकी कामाची माहिती दुसरी नाही. हा शॉकअप स्वतःच स्वतःला पंप करतो. मागे वजन टाकलं की गाडी बसते, पण चालायला लागली की चाकाच्या वरखाली होण्यावर आतलं तेल दाबाखाली ढकललं जातं आणि थोड्याच अंतरात मागची बाजू पुन्हा आपल्या उंचीवर येते. ना कॉम्प्रेसर, ना वायर, ना सेन्सर. आणि हा शॉकअप स्वतः वजन उचलतो म्हणूनच अशा गाड्यांना मागची स्प्रिंग मुळात मऊ दिलेली असते. निवोमॅट काढून साधा शॉकअप घातला आणि स्प्रिंग तीच ठेवली तर गाडी गुडघे टेकते. भागीदाराला हे माहीत होतं, म्हणून त्याने स्प्रिंगही बदलल्या, पण आखूड. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "अरे, लॉरी आहे का ही?" मी म्हटलं, "हो, लॉरीच आहे. म्हणून तर घेतली." गॅरेजचं भाडं तो जास्त भरायचा, काम तो जास्त करायचा, त्या आठवड्यात त्याचं चाललं.

रिकामी गाडी दिसायला सुंदर दिसली, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. चाकाच्या कमानीत टायर नीट भरून बसलं होतं. पण पुढच्याच महिन्यात आमच्या एका मित्राचं बिऱ्हाड ट्रोलहॅटन या गावी हलवायचं होतं. डिकीत सुटं केलेलं कपाट, जेवणाचं टेबल, पुस्तकांचे खोके, वर स्वयंपाकघराचं सामान. निघताना सोसायटीच्या आतल्या स्पीडब्रेकरवरच सायलेन्सर घासला. ई45 महामार्गाला लागलो, जरा वेग घेतला आणि रबर जळल्याचा वास यायला लागला. बाजूला घेऊन बघतो तर मागच्या एकाच बाजूचं टायर कमानीच्या कडेला घासून त्याचा खांदा गुळगुळीत झालेला, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी जागा मोकळी. कारण साधं आहे. 940 चा मागचा एक्सल सलग असतो आणि त्याला आडवा धरून ठेवणारा दांडा ठरावीक लांबीचा असतो. गाडी खाली गेली की तो दांडा एक्सलला एका बाजूला ढकलतो. कमीजास्त करता येणारा दांडा घातल्याशिवाय हे सरळ होत नाही, आणि तो आम्ही घातला नव्हता, कारण पैसे चाकांवर गेले होते.

पाऊस सुरू झाला होता. निम्मं सामान उतरवून गवतावर ठेवलं. कुकर, मिक्सर, पिठाचा डबा, त्यावर प्लास्टिक. मित्राची बायको छत्री धरून त्या डब्यापाशी उभी राहिली आणि आम्ही एक खेप टाकून परत आलो. तिने त्या दिवशी एक शब्द काढला नाही, पण तिचा चेहरा मला आजही दिसतो. इस्टेट गाडी असून दोन खेपा!

त्यानंतर भागीदारी मोडली. त्याचा हिस्सा मी विकत घेतला, भांडण न करता. भंगारवाल्याकडे एका निवोमॅटवाल्या 940 च्या मूळ स्प्रिंग मिळाल्या, निवोमॅट मात्र नवे घेतले आणि ते महाग पडले. त्या पैशांचा मला एक क्षणही पश्चात्ताप झालेला नाही. पहिल्यांदा सिमेंटच्या पोत्यांनी भरून नेली तेव्हा बायकोला मागून दुसऱ्या गाडीतून यायला सांगितलं होतं. पोहोचल्यावर ती म्हणाली की सिग्नलला बसलेली गाडी पुढच्या चढापर्यंत सरळ झाली होती.

भागीदार अजून मानत नाही. कुठेही भेटला की त्याचा एकच दाखला: 1994 साली व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कारच्या शर्यतीत 850 इस्टेट उतरवली होती, रिकार्ड रीडेल आणि यान लॅमर्स चालवायचे, ती कशी जमिनीला टेकलेली होती. होती ना. ती टॉम वॉकिन्शॉच्या कारखान्यात शर्यतीसाठी तयार झालेली गाडी होती, पुढच्या चाकांवर चालणारी, आतून रिकामी. आणि पुढच्याच वर्षी इस्टेट सोडून त्यांनी सेडान घेतली, कारण नियम बदलून मागे पंख लावायची परवानगी मिळाली आणि इस्टेटला तो लावण्यात अर्थ नव्हता. म्हणजे ज्यांनी इस्टेट खाली बसवली त्यांनीही ती एकच हंगाम वापरली. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, इथे सगळ्यांसमोर पुन्हा सांगतो.

मॉडिफाय करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. माझी गाडी मूळची राहिलेली नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. टर्बोचा दाब वाढवलाय, पण आधी क्रँककेसची हवा बाहेर काढणारी नळी आणि तेल वेगळं करणारी डबी बदलून. ती तुंबलेली ठेवून दाब वाढवला तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल बाहेर येतं. पुढचा अँटीरोल बार जाड घातलाय. त्याने वळणावर झुकणं कमी होतं आणि उंचीला धक्का लागत नाही. इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर बसवलाय, रात्री पार्किंगच्या खांबाला वायर जोडायची, सकाळी उणे पंधरात पहिल्या फटक्यात सुरू. मागे ट्रेलरचा हूक. पुढे जादा दिवे, कारण जंगलातल्या रस्त्यावर मूस, म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण, आडवा आला तर तो लांबूनच दिसायला हवा. आणि डिकीत मागे तोंड करून बसायची लहान मुलांची सीट, भंगारातल्या 740 मधून, म्हणजे 940 च्या आधीच्या मॉडेलमधून, काढलेली. ही सीट घातली तर गाडीच्या नोंदणीतली प्रवासीसंख्या बदलून घ्यावी लागते, ते न चुकता करा. माझ्या मुलीने तिचं सगळं लहानपण मागच्या गाड्यांना हात हलवत काढलं.

मी पिंपरीचा. 1992 ला टाटा इस्टेट आली तेव्हा आमच्या गल्लीत एकाने घेतली आणि लोक तिला रुग्णवाहिका म्हणायचे. सामान मागे आणि माणसं पुढे ही साधी सोय आपल्याकडे कमीपणाची ठरली. म्हणून इथे आल्यावर लोक मांडीएवढी लाकडं, सायकली, कुत्रा, आजी सगळं एका गाडीत घालून निघतात हे बघून मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. तीच सोय कापून टाकायची असेल तर सेडान स्वस्त मिळते, ती घ्या.

कापण्यावरून आठवलं. इथे पंधरा वर्षांची मुलं ए-ट्रॅक्टर, म्हणजे कापून हळू केलेली गाडी, चालवतात. जुनी गाडी घ्यायची, एकच सीटची रांग ठेवायची, मागे माल ठेवायची जागा करायची, वेग 30 किलोमीटरवर बांधायचा, मागे लाल त्रिकोण लावायचा. कितीतरी 240 आणि 940 इस्टेट अशा कापल्या गेल्या. मला ते बघवत नाही. पण खेड्यात जिथे दिवसातून मोजक्या बस येतात तिथे त्या मुलांना दुसरं काय आहे, आणि वेल्डिंग शिकणारी पोरं त्यातूनच तयार होतात, हेही खरं. माझा पत्रा आता असाच एक मुलगा लावून देतो.

गाडी बघायला जाल तेव्हा मागचं दार उघडा आणि वर बिजागरीपाशी रबराची वळ्यावळ्यांची नळी आहे ती सरकवून आत बघा. त्यातून मागचा वायपर, काचेचा हीटर, कुलूप, नंबरप्लेटचा दिवा, सगळ्यांच्या वायर जातात. दार वर्षानुवर्षं उघडझाप होऊन त्या तिथेच तुटतात. आवरण चिरलेलं असेल, आतलं तांबं हिरवं पडलं असेल, तर विकणारा "फक्त बल्ब गेलाय" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. साध्या वायरचा तुकडा जोडून चालत नाही, थंडीत ती कडक होऊन पुन्हा तुटते. सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर घ्या, सोल्डरचे जोड बिजागरीपासून दूर, दाराच्या आत आणि छताच्या आत करा, म्हणजे वाकणाऱ्या जागी जोड येत नाही. अर्धा दिवस जातो, पण मग विसरून जायचं. त्यानंतर गाडीखाली झोपा. दारांखालचा उंबऱ्याचा पत्रा आणि मागच्या कमानी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज बोदा आला तर सरळ घरी या. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि इंजिनाच्या कितीतरी आधी पत्रा मरतो.

थोड्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित नाही. घसरल्यावर सावरणारी इलेक्ट्रॉनिक्स नाही, बाजूचे पडदा एअरबॅग नाहीत. मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे बर्फात चांगले हिवाळी टायर लागतातच. 1 डिसेंबर ते 31 मार्च रस्ता तसा असेल तर कायद्यानेही लागतात. पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर. रोज लांबचा प्रवास असेल तर परवडणार नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला वाहनकर नसतो, एवढा दिलासा. मोठे बदल केलेत तर तपासणीला आणि विम्याला ते आधी कळवा. परत जाताना भारतात नेण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. स्टिअरिंग डावीकडे आणि वय इतकं, कस्टम तिला उतरूच देणार नाही.

आणि ज्या दिवशी गाडी घ्याल त्याच दिवशी इंधनपंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज चालू-बंद करणारी छोटी डबी, नवा घ्या. जुन्यातले सोल्डरचे जोड तडकतात आणि गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. लोक पंप बदलतात, प्लग बदलतात, आणि दोष निघतो त्या डबीत. जुना फेकू नका. उघडून जोड पुन्हा सोल्डर करा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या.