आदिमानव आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, पुस्तकात ते नेहमीचं चित्र असतं ना, आधी वाकलेलं माकड, मग अर्धवट उभा, मग सरळ चालणारा माणूस. मेंदू मोठा झाला म्हणून आपण दोन पायांवर उभे राहिलो का? (बारावीचा विद्यार्थी)

उत्तर : नाही, क्रम बरोब्बर उलटा आहे, आणि ते चित्र डोक्यातून काढून टाक असं मी सगळ्यांनाच सांगतो. १९७४ मध्ये इथिओपियात हडार इथे लूसी असं नाव दिलेल्या एका आदिमानव बाईचा सांगाडा मिळाला, ३२ लाख वर्षांपूर्वीचा. उंची जेमतेम साडेतीन फूट, आणि मेंदू तिच्या जातीत साधारण चारशे-साडेचारशे सीसी (घन सेंटिमीटर) म्हणजे चिंपांझीपेक्षा किंचित जास्त, आपला सरासरी साडेतेराशेच्या आसपास. पण तिची कंबर बघ, आखूड आणि पसरट, मांडीचं हाड आत झुकलेलं म्हणजे गुडघे शरीराच्या खाली येतात, हे फक्त दोन पायांवर चालणाऱ्याचंच असतं. हात मात्र लांब आणि बोटं वळलेली, त्यामुळे झाडावर चढणं तिने सोडलं नसावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. टांझानियात लेटोलीला तर ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलंच सापडली, ३६ लाख वर्षांपूर्वीची, अंगठा बाकी बोटांच्या रांगेत, टाच आधी टेकलेली. मला स्वतःला मानवाच्या इतिहासातला सगळ्यात भारी पुरावा हाच वाटतो, कारण हाडावरून चालीचा अंदाज बांधावा लागतो, इथे चाल स्वतःच समोर आहे.

मेंदू खूप नंतर वाढला. केनियात १९८४ साली तुर्काना सरोवराजवळ एका मुलाचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, साधारण १५ लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे लांब पाय, एकूण बांधा, मानेखालचं बरंचसं आपल्यासारखंच, पण मेंदू नऊशे सीसीच्या आसपास. म्हणजे शरीर आधी तयार झालं, डोकं मागून आलं.

आणि रांग तर नव्हतीच. तीनेक लाख वर्षांपूर्वी मोरोक्कोत जेबेल इरहूडला आपल्याच जातीची सुरुवातीची माणसं राहत होती, चेहरा जवळपास आपल्यासारखा, कवटी मात्र लांबट, आणि साधारण त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत होमो नालेडी नावाची दुसरी मानवजात होती, जिचा मेंदू आपल्या निम्म्याहूनही लहान. एकाच वेळी इतक्या वेगवेगळ्या प्रकारची माणसं पृथ्वीवर होती, आज फक्त आपणच उरलोय, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं आपल्यापर्यंत पोचायलाच चाललं होतं.

प्रश्न : निअँडरथल रानटी आणि मठ्ठ होते असं शाळेत शिकलो. खरं आहे का?

उत्तर : निअँडरथल ही आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवजात. मेंदूच्या आकारावर जाल तर ते आपल्या बरोबरीचे, सरासरी थोडे जास्तच. कवटी लांबट आणि बसकी, भुवईवर जाड हाड, नाक रुंद, हनुवटी नाही (ठळक हनुवटी फक्त आपल्यालाच आहे, का आहे यावर अजून वाद चालूच आहेत). पण मठ्ठ म्हणणाऱ्याने इराकमधल्या शानिदार गुहेतला तो माणूस बघावा, १९५० च्या दशकात सापडलेला. उजवा हात वाळलेला, डाव्या डोळ्याजवळ जुना मार, बहुतेक त्या डोळ्याने दिसत नव्हतं, आणि तरी चाळिशीपर्यंत जगला. एकट्याने तसं जगणं मला तरी अशक्य वाटतं, कोणीतरी खाऊ घातलं असणार, चालताना थांबलं असणार. अशा लोकांना रानटी म्हणवत नाही मला.

शिवाय ते पूर्ण गेलेलेही नाहीत. २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वांटे पेबो आणि त्यांच्या टीमने निअँडरथलचा जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएचा आराखडा, वाचला (२०२२ चं नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळालं) आणि लक्षात आलं की आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत साधारण १ ते २ टक्के भाग त्यांच्याकडून आलाय. म्हणजे तुलना करताना आपण अर्धवट आपल्याच पणजोबांशी करतोय.

प्रश्न : अक्कलदाढ इतका त्रास का देते?

उत्तर : जबडा लहान झाला, दाढा तेवढ्याच राहिल्या. पूर्वजांचे जबडे मोठे होते, कडक खाणं तासनतास चावायचे. मग दगडी हत्यारांनी कापणं, ठेचणं आणि पुढे शिजवणं आलं तशी चावायची गरज कमी होत गेली, आणि लहानपणी जबड्याला कमी ताण मिळाला तर तो तितका वाढतही नाही. काही लोकांना तर अक्कलदाढ मुळात येतच नाही, हाडात तिचं बीजच नसतं, त्यामुळे एक्स-रेत ती दिसली नाही तर घाबरू नका.