पाळक नसलेल्या माणसाने आशीर्वाद दिला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नसलेल्या साध्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्याने घरच्यांवर, ओळखीच्यांवर आशीर्वाद बोलला तर चालतो का आणि कुठल्या शब्दांत बोलायचा. चालतो. मी नऊ वर्षं बोलतोय आणि ह्याच गोष्टीवरून माझ्या सख्ख्या चुलत्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, म्हणून मुद्दाम वेळ काढून लिहितोय.

आम्ही राहायला नाशिकला शरणपूर रोडला, दिंडोरीकडे तीन एकर द्राक्षबाग आहे. काढणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, लहान पोरं सोबत घेऊन. वडील गेले त्या साली बाग पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या हातात आली. काढणीचा पहिला दिवस, सकाळचा गारठा, क्रेट उतरवून झालेले, सगळे शेकोटीपाशी, आणि मला बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आठवला. जवाची कापणी चाललेली असते आणि शेताचा मालक बवाज तिथे येतो, तर किती काम झालं हे आधी विचारत नाही, परमेश्वर तुमच्याबरोबर असो म्हणतो, आणि मजूर उलट त्याच्यासाठी परमेश्वराचा आशीर्वाद मागतात. तिथे कुणी याजक, म्हणजे पुरोहित, उभा नव्हता. मी साध्या भाषेत म्हटलं, देव तुमचं भलं करो, तुमच्या हाताला यश देवो, पोरं सुखरूप राहोत. त्यातली एक म्हातारी लगेच म्हणाली, तुझं बी भलं होऊ दे बाबा, बाग चांगली पिकू दे.

मला तिथेच रडू आलं. कारण वडिलांची माती होऊन महिना झाला नव्हता तेव्हा वाटणीवरून काका आमच्या अंगणात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले होते, तुझ्या बागेला घड लागणार नाही बघ. चाळिशीतला माणूस मी, पण ऑक्टोबरच्या छाटणीपासून ते वाक्य रोज डोक्यात, ढग आले की तेच, पानावर डावणी रोग दिसला की तेच. म्हातारीच्या बोलण्याने ते पुसलं गेलं असं म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं वाक्य येऊन बसलं.

हे काकांच्या कानावर गेलं. ते आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच. रविवारी उपासना सुटल्यावर गेटपाशी मला म्हणाले, आशीर्वाद देणारा तू कोण, ते पाळकांचं काम, बायबलातल्या गणना पुस्तकाचा सहावा अध्याय काढून बघ, आशीर्वाद द्यायला याजक अहरोन आणि त्याच्या मुलांना सांगितलंय. मी म्हटलं, काका, शाप देताना तुम्ही कुठल्या पाळकांना विचारलं होतं? तेव्हापासून बोलणं बंद.

तेव्हा राहिलेलं इथे सांगतो. गणना 6:24-26, म्हणजे 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो' इथून सुरू होणारे शब्द, अहरोनाला सांगितलेत हे खरंच, पण पुढचं 27वं वचन वाचा ना, त्यात देव म्हणतो की त्यांनी माझं नाव लोकांवर ठेवावं म्हणजे मी आशीर्वाद देईन. देणारा तोच आहे, आपण फक्त तोंड. 1 पेत्र 2:9 अख्ख्या मंडळीला याजकगण म्हणतं, आणि पुढच्याच अध्यायात 3:9 ला, निंदेची परतफेड निंदेने करू नका, उलट आशीर्वाद द्या. हे काही फक्त पाळकांना लिहिलेलं पत्र नाही. 1979 साली जेरुसलेमला एका जुन्या थडग्यात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, येशूच्या साधारण 600 वर्षं आधीच्या, त्यांच्यावर हाच अहरोनाचा आशीर्वाद कोरलेला. म्हणजे तेव्हाही ते शब्द मंदिरात अडकून पडले नव्हते, लोक सोबत बाळगत होते, अगदी कबरीपर्यंत. शिव्याशाप द्यायला प्रत्येकजण मोकळा आणि चांगलं बोलायला तेवढी परवानगी, हे मला कधीच पटणार नाही.

शब्दांचं म्हणाल तर गणनेतलेच पाठ करा, नाहीतर त्या माणसाचं नाव घेऊन त्याला आज जे लागतं ते मागा, परीक्षा असेल तर यश, ताप असेल तर बरं वाटणं. पण गोळ्या बंद करायला लावू नका, आणि गाडी मिळेल, बंगला मिळेल असं ठणकावून जाहीर करणं म्हणजे आशीर्वाद नाही. दुसऱ्या धर्माचं माणूस असेल तर त्याला चालतंय का बघा, मी मजुरांसमोर देव एवढंच म्हणतो. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद मात्र पाळकांनाच देऊ द्या, त्यावर माझा वाद नाही. आणि हो, काकांना मी बोललो ते खरं होतं पण रागात बोललो, एकाच तोंडातून आशीर्वाद आणि शाप निघू नयेत हे याकोब 3:10 माझ्यावरही लागू होतं.

मुलगी आता सतरा वर्षांची, डोक्यावर हात ठेवू देत नाही, म्हणून सकाळी स्कूटीची चावी देताना बोलतो. काकांसाठी त्यांच्या घरावरून जाताना बोलतो, रोज, गाडी जरा हळू करून. आधी दात आवळून बोलायचो. आता त्यांच्या गुडघ्यांचं दुखणंही त्यात घेतो.