दर मशीनला वेगळी की
घरच्या लॅपटॉपवरची एसएसएच की (गिटहब या कोड ठेवायच्या साइटला पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलजोडी) पेनड्राइव्हने ऑफिसच्या मशीनवर नेऊ नकोस, एवढं माझं ऐक. जोडीतली प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त फाइल, जिथे बनली तिथेच राहू दे. प्रत्येक मशीनवर ईडी२५५१९ प्रकारची नवी की बनव, तिला पासफ्रेज (की वापरताना लागणारा पासवर्ड) दे आणि फक्त पब्लिक कीचा, म्हणजे जोडीतल्या उघड फाइलचा, मजकूर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये टाक. तिथे नाव 'घर-लॅपटॉप', 'ऑफिस-डेस्कटॉप' असं ओळखू येणारं ठेव. माझी एकच की तीन ठिकाणी होती; एक लॅपटॉप हरवला आणि तिन्हीकडे सगळं नव्याने करावं लागलं. वेगळ्या असत्या तर एकच काढून भागलं असतं.

गिटहबला पहिल्यांदा जोडताना फिंगरप्रिंट, म्हणजे त्यांच्या सर्व्हरच्या कीची छोटी ओळखखूण, दिसेल, तो गिटहबने जाहीर केलेल्याशी ताडून मगच 'येस' म्हण. मार्च २०२३मध्ये त्यांनी स्वतःची आरएसए प्रकारची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) बदलली होती, तेव्हा जुनी नोंद असलेल्यांना इशारा दिसला. गिटहबवर टू-फॅक्टरही (पासवर्डनंतर ओळखीचा दुसरा पुरावा मागणारं लॉगिन) आजच सुरू कर.