किमोनोकडे बघताना आधी कटिंग बघ

साकुराची (जपानी चेरीची) फुलं छापली की कलेक्शन ‘जपानी’ होत नाही, बरं का. आधी कटिंग बघ. किमोनो या पारंपरिक जपानी पोशाखाचं कापड साधारण ३६-३८ सेंटीमीटर पन्ह्याचं. ते सरळ पट्ट्यांतच कापतात, त्यामुळे शिवण उसवून तुकडे पुन्हा जोडता येतात. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोनेने हे कधीच हेरलं होतं. तू मांजरपाट घे, नुसते आयत काप आणि डमीवर टाचून बघ; कापड आणि अंग यांच्यामधली मोकळी जागा कशी वागते ते कळेल. जपानी डिझायनर इस्से मियाकेंचं सगळं काम त्या जागेभोवतीच फिरतं. रेई कावाकुबो आणि योजी यामामोटो हे जपानी डिझायनर १९८१ साली पॅरिसला आले ते काळे, ढगळ कपडे घेऊन, समीक्षक बिथरले! (मला ते कपडेच जास्त आवडतात.) आणि शोमध्ये किमोनो असेल तर नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीवर घे. उलट फक्त मृतांना नेसवतात.