नववीच्या मुलींसोबत काम सुरू करताना

पहिल्याच दिवशी ‘मोठेपणी काय होणार?’ असं विचारू नकोस. मुली ‘डॉक्टर’ म्हणतात आणि गप्प बसतात. त्यापेक्षा समुद्राचं लिटरभर पाणी टोपात आटवायला लाव. तळाला साधारण ३५ ग्रॅम मीठ उरतं. ते खरवडून त्यांनाच तोलू दे. मग पावसाळ्यात खाडीचं पाणी आटवा. मीठ कमी का भरलं, हे त्या स्वतःच भांडून शोधतात! तिथून रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा विषय सहज निघतो.

आयांना मात्र आधी भेट. ‘लांब कशाला पाठवायची?’ ही काळजी खरी असते, ती उडवून लावू नकोस. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, पुढे इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, ही वाट शांतपणे समजावून सांग. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला लाव.