'बाळामुळे सहलीचा विचका झाला'

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मूल अजून दोन वर्षांचंही नाही, अशात फिरायला जावं की नाही? विचारणाऱ्या बहुतेक आयाच असतात. प्रश्न प्रवासाचा असला तरी थोडं बोलणं झालं की आत दुसरंच काहीतरी ठसठसत असल्याचं लक्षात येतं. मागच्या सहलीतलं भांडण, घरातल्या मोठ्यांचा एखादा शेरा, आणि 'बाकीच्यांना जमतं, मग मलाच का जमत नाही?' ही बोचणी.

मागे एक जोडपं आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत, आणि दोघांना विचारूनच हे लिहिते आहे. मुलगा वीस महिन्यांचा. आधीची सहल मोठ्या गोतावळ्याची होती: हे तिघं, नवऱ्याचे आईवडील, त्याची बहीण, तिचा नवरा आणि तिची शाळकरी मुलं. मुक्काम अर्धवट टाकून सगळे परत आले होते.

"मॅडम, घरी हा इतका गोड असतो," नवरा सांगत होता. "तिथे गेल्यावर जणू दुसरंच मूल. हिच्या कडेवरून उतरेना, जेवेना, रात्री झोपेना. आईबाबा नाराज, ताई नाराज. आता पुन्हा सगळ्यांनी जायचं ठरतंय आणि ही म्हणते, मी येणारच नाही."

ती म्हणाली, "तुम्ही सगळे जा. मी बाळाला घेऊन घरी राहते. खरंच सांगते, मला काही वाटणार नाही." आवाजात राग नव्हता. रागापेक्षा तो थकलेला सूर मला जास्त काळजीचा वाटला.

अशा वेळी बॅगेत काय भरायचं हे मी सगळ्यात शेवटी सांगते. त्या दोघांना मी एकेक कोरा कागद दिला. मागच्या सहलीतला दुसरा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, आठवेल तसा लिहायचा. एकमेकांना विचारायचं नाही.

त्याच्या कागदावर मोजक्या ओळी होत्या. नऊला निघायचं होतं, साडेदहा झाले. धबधबा. जेवायला उशीर. बोट. बाळ फार रडलं. परत. आणि अगदी खाली: 'ही सकाळपासून गप्प होती. कारण कळलं नाही. विचारलं तर आणखी चिडेल म्हणून ताईच्या मुलांबरोबर पुढे चालत राहिलो.'

तिचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. पहाटे पाचला बाळ उठलं. बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून त्याला घेऊन ती बाथरूममध्ये जाऊन बसली, दार लावून, त्याच्या हातात दोन प्लास्टिकचे मग देऊन. सव्वा तास. सगळे नाश्त्याला जमले तेव्हा बाळ पेंगायला लागलं होतं, पण गाडी दारात उभी होती. गाडीत झोपलं, वीस मिनिटांत ठिकाण आलं, उतरवताना जागं झालं. धबधब्यापाशी सगळे पाण्यात उतरले आणि ती चपला सांभाळत काठावर. 'सगळे म्हणत होते, ये ना. याला कोणाकडे देऊन येऊ, ते कोणीच म्हणालं नाही.' शेवटची ओळ: 'रात्री सगळे बाहेर गप्पा मारत बसले. आम्ही दोघं आत अंधारात. हसण्याचे आवाज येत होते.'

मी कागदांची अदलाबदल केली आणि एकमेकांचे मोठ्याने वाचायला सांगितले. तो बाथरूमच्या ओळीपाशी थांबला.

"सव्वा तास? अगं, मला उठवायचंस ना."

"तू झोपला होतास. सुट्टी होती तुझी."

"तुझीपण होती ना," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.

तिने त्याची शेवटची ओळ वाचली आणि म्हणाली, "मला वाटलं, तुला माझं काही पडलेलंच नाही. तू घाबरून पुढे गेलास हे मला माहीतच नव्हतं."

माझं ठाम मत आहे की लहान मुलामुळे बिघडली असं ज्या सहलींबद्दल म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच मोठ्यांच्या न बोलण्यामुळे बिघडलेल्या असतात. घरी कामाची वाटणी कोणी बसून केलेली नसते, तरी ती चालून जाते, कारण घर स्वतःच बरीच मदत करतं. ओळखीचा कोपरा असतो, ठरलेल्या वेळा असतात, दार लावून पाच मिनिटं एकटं बसता येतं. प्रवासात हे सगळं एकदम काढून घेतलं जातं, आणि बाळ ज्याच्या अंगाला चिकटतं त्याच्यावर सगळा भार येऊन पडतो.

आता बाळ का चिकटतं ते सांगते, कारण हे न कळल्यामुळे घराघरांत फार दुखावलेपण साठतं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आई-मुलाच्या जवळिकीचा आयुष्यभर अभ्यास केला. एन्सवर्थ वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना आईसह एका अनोळखी, खेळण्यांनी भरलेल्या खोलीत आणत. आई थोड्या वेळासाठी बाहेर जाई, परत येई, आणि मूल काय करतं याचं निरीक्षण होई. आई जवळ असताना तिच्यावर भरवसा असलेलं मूल खोलीभर फिरे, मध्येच येऊन तिला हात लावून परत जाई. आई गेली की बहुतेकदा त्याचा खेळ मंदावे, अनेकदा ते रडे, आणि आई आली की तिच्याकडे झेपावून शांत होई. म्हणजे आई हा त्याचा तळ. तिथून निघायचं, जग बघायचं आणि परत तिथेच यायचं. नव्या जागी बाकी काहीच ओळखीचं नसल्यामुळे बाळ तो तळ सोडत नाही. आईपासून दूर जायची भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असते, आणि त्यानंतरही अनोळखी जागेत उफाळून येते. 'लाडावून ठेवलंय' असा शेरा मारण्याआधी एवढं लक्षात घ्यावं. हा तळ बाबाही होऊ शकतो, आजीही. फक्त त्यासाठी रोजचा सहवास लागतो, सहलीच्या पहिल्या दिवशी तो एकाएकी उगवत नाही.

शिवाय स्वभाव असतोच. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात साधारण 15 टक्के मुलं अशी आढळली, जी नव्या गोष्टीपासून आधी मागे सरकतात आणि सावकाश रुळतात. घाई केली की आणखी मागे जातात, वेळ दिला की छान मिसळतात. हे बाळ त्यांच्यातलंच वाटत होतं. बहिणीची मुलं त्याच वयात कुठेही, कोणाकडेही जात, म्हणून तुलना सुरू झाली होती. त्या तुलनेत कोणाचंच भलं नव्हतं.

एकदा मी आजींनाही बोलावलं. त्या येताच म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलं अशी नव्हती हो." मी विचारलं, तुम्ही प्रवासाला जायचात तेव्हा मुलांना घ्यायला किती हात असायचे? त्या आठवत राहिल्या. सासू, दोन जावा, एक आत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "मला तर कोणी एकटीला सोडायचंच नाही." थोड्या वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. सहलीत त्यांनी नातवाला घ्यायला हात पुढे केले की तो तोंड फिरवून रडायचा, तेही सगळ्यांसमोर. "मी त्याची आजी आहे. मला ओळखतच नाही तो."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. टोमणे वाटावेत असे त्यांचे बरेच शब्द या एका दुखण्यातून आलेले होते. आजी-नातवाची भेट महिन्या-दोन महिन्यांनी व्हायची. मी त्यांना म्हटलं, हात पुढे करू नका. त्याच्या जवळ जमिनीवर बसा आणि काहीतरी करत राहा, रुमालाच्या घड्या घाला, चमचे डब्यात टाका आणि काढा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. तो येईल. आला तरी लगेच उचलू नका. आणि सहलीच्या आधीच्या आठवड्यांत रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉलवर तेच करा.

यानंतर सहलीचं बोलणं सोपं झालं. त्यांनी बघण्याच्या ठिकाणांची यादी बाजूला ठेवली आणि आधी बाळाची झोप कागदावर मांडली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. झोप बुडालेलं मूल दमून लवकर झोपेल हा समज चुकीचा आहे. ते चिडतं, उधळतं आणि रात्री पुन्हा पुन्हा उठतं. म्हणून ठरलं की दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी, आणि दुपारची झोप खोलीवर, पाठ टेकून. त्याच सूचनांमध्ये आहे की या वयाच्या मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त बांधून बसवू नये. पण चालत्या गाडीत त्याला सीटमधून काढून मांडीवर घेणं धोक्याचं, तेव्हा गाडीच थांबवायची, त्याला उतरवून पळू द्यायचं आणि मग पुढे निघायचं. पोचायला उशीर होईल हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचं.

पहाटेची पाळी बाबाची. बाळ उठलं की तो त्याला घेऊन बाहेर पडणार आणि ती झोपणार. यासाठी घरीच निघण्यापूर्वी काही दिवस सकाळ बाबाने सांभाळायला सुरुवात केली. सुरुवातीला बाळाने 'आई, आई' करून भोकाड पसरलं, आणि ती दाराआड उभी राहून कासावीस झाली. तिचं बाहेर न येणं हे तिच्यासाठी सगळ्यात अवघड काम होतं, असं तिने नंतर सांगितलं.

बाळाचं एक दुपटं होतं, एका कोपऱ्यावर चघळून चघळून धागे सुटलेलं. मागच्या सहलीला ते मळकं दिसतं म्हणून तिने कपाटात ठेवलं होतं आणि नवं कोरं नेलं होतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 मध्ये अशा वस्तूंचं महत्त्व मांडलं. आई जवळ नसताना तिच्याजवळ असल्याची जाणीव मूल या वस्तूतून मिळवतं, आणि त्या वस्तूचा वास, तिचा मऊपणा जसाच्या तसा लागतो. ते दुपटं न धुता न्यायचं, आणि सामानात नाही, हाताशी.

त्यांनी एक प्रश्न चाचरत विचारला, तो बरेच जण विचारतात: प्रवासात झोप लागावी म्हणून सर्दीचं औषध द्यावं का? नाही. झोप आणण्यासाठी औषध स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. लहान मुलांत ते धोकादायक ठरू शकतं, आणि काही मुलं त्याने उलट जास्त बेचैन होतात. विमानप्रवासाबद्दलही विचारलं होतं. विमान खाली उतरताना कानात दडा बसतो, त्या वेळी बाळाला पाजावं किंवा काहीतरी गिळायला द्यावं, गिळल्याने कान मोकळे होतात.

"पण मॅडम, त्याला यातलं काय आठवणार आहे?" हा नवऱ्याचा प्रश्न. काही आठवणार नाही. मोठेपणी माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा आठवत नाही. म्हणूनच सहल मोठ्यांची आहे हे मोकळेपणाने मान्य करावं, असं मला वाटतं. तुम्हाला जायची हौस आहे, दमलेल्या आईलाही आहे, आणि त्यात वावगं काही नाही. सहल बाळासाठी करतोय म्हटलं की त्याने खूश व्हायलाच हवं असं ओझं त्याच्यावर येतं, आणि ते रडलं की ते कृतघ्न वाटू लागतं.

ते जाऊन आले. बाळ रडलंच. पहिली रात्र वाईट गेली, आणि एका गर्दीच्या ठिकाणी त्याने जमिनीवर लोळण घेतली तेव्हा बाबा त्याला उचलून शांत जागी घेऊन गेला आणि नुसता शेजारी बसून राहिला, लोकांच्या नजरांकडे न बघता. बाकीचे पुढे गेले, कारण तसं आधीच ठरलं होतं. आजींजवळ तो शेवटच्या दोन दिवसांत गेला, चमच्यांच्या डब्यापायी. ती एकदा पाण्यात उतरली. हे सांगताना ती एवढंच म्हणाली, "पाणी फार गार होतं," आणि हसली.

घरी आल्यावर आठवडाभर बाळ रात्री उठत होतं, दिवसा तिला सोडत नव्हतं, म्हणून तिचा फोन आला. असं होतं. झोपायची वेळ, अंघोळ, अंधार, गोष्ट हा रोजचा क्रम पहिल्या रात्रीपासून परत सुरू करा, थोड्या दिवसांत घडी बसते. मात्र आधी येत असलेले शब्द मूल बोलेनासं झालं, हाक मारल्यावर बघेनासं झालं किंवा नजर देणं कमी झालं, तर प्रवासाचा शीण म्हणून वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.