विनिपेगजवळ नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला बसायचं असेल तर हातापायांसाठी काय करायचं

तू विचारलंयस की ऑक्टोबरात मुंबईहून कॅनडातल्या विनिपेगला शिफ्ट होतोयस, नव्या टीममधल्या लोकांनी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला सोबत यायला बोलावलंय, बंदूक तुझ्या हातात नसणार, नुसतं बसून बघायचंय, पण तुझे हातपाय ऑफिसच्या एसीतसुद्धा गार पडतात तर तिकडे कसं निभावणार. मी मूळचा परळचा, आता बरीच वर्षं मॅनिटोबात, म्हणजे विनिपेग ज्या प्रांतात आहे तिथेच, शेजाऱ्यांबरोबर सीझनला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घे की ही बसायची थंडी आहे. उजाडायच्या आधी जाऊन जागा धरायची आणि मग तासन्‌तास हलायचं नाही, कारण हरणाला हालचाल पटकन कळते. नोव्हेंबरात पहाटे उणे १० सहज असतं, वारा सुटला तर उणे २० सारखं लागतं. उणे १५ मध्ये झपाझप चालणारा माणूस मजेत असतो, तोच गप्प बसला की थोड्या वेळात पायाची बोटं दुखायला लागतात.

आणि सगळे नवीन लोक जाड हातमोजे नि जाड सॉक्स शोधत बसतात पण खरी गोष्ट धडाची आहे. शरीर आधी हृदय, मेंदू, पोट सांभाळतं, धड गार पडायला लागलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांपर्यंत गरम रक्त पोचतच नाही, पाणीकपात लागली की लाइनीच्या शेवटच्या चाळीत नळाला धार येत नाही तसं. म्हणून पैसे आधी छाती-पाठ, मान आणि डोकं यांच्यावर घाल. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट, कान झाकणारी टोपी. सुती बनियन आणि सुती मोजे मुंबईतच ठेव, कॉटन घाम धरून ठेवतं आणि मग तोच ओलावा तुला गारठवतो, लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते.

घामाचं मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. गाडीपासून बसायच्या जागेपर्यंत बर्फातून चालावं लागतं, त्या चालण्यात जॅकेट बॅगेत ठेव, टोपी काढ, सावकाश चाल, थोडी थंडी वाजली तरी चालेल. पोचल्यावर मोजे बदल, कोरडा जोड झिपच्या पिशवीत सोबत ने. पाय ओलसर राहिले तर कितीही भारी बूट असू दे, उपयोग नाही.

बुटांबद्दल, मुंबईतून अजिबात घेऊन येऊ नकोस. आपल्याकडे मिळतात ते मनालीला चार दिवस फिरायचे, इकडच्या बसायच्या थंडीचे नाहीत, शिवाय बूट जो मोजा घालणार तोच घालून ट्राय करायला लागतो. आत फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, सुटा लायनर (आतलं अस्तर) असलेले घे, म्हणजे रात्री बाहेर काढून वाळवता येतो. एक नंबर मोठे घे, आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन-दोन जाड मोजे कोंबले की रक्त दाबलं जातं आणि पाय जास्तच गार पडतात, इथे नवीन आलेले हमखास हेच करतात. एक पातळ लायनर मोजा आणि त्यावर एक जाड लोकरीचा, बास. आणि पाय थेट बर्फावर टेकवू नकोस, तळव्यातून खूप ऊब खाली जाते, फोमचा तुकडा किंवा लाकडाची फळी खाली घे. बसायला पण फोमचीच गादी.

हातांना पाच बोटांच्या ग्लव्हजपेक्षा मिटन्स (अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकाच कप्प्यात) कितीतरी बऱ्या, बोटं एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. आत पातळ लोकरीचा ग्लव्ह, म्हणजे दुर्बीण धरायला किंवा फोन काढायला मिटन काढली तरी कातडी उघडी पडत नाही. धातूला उघड्या हाताने हात लावायचा नाही, थर्मासला पण नाही. कमरेला बांधायचा हँड मफ मिळतो, दोन्ही हात आत घालून बसता येतं, शिकारीसाठी मला ती सगळ्यात कामाची वस्तू वाटते. हात फारच गारठले तर खांद्यापासून गोल गोल जोरात फिरव, रक्त बोटांकडे ढकललं जातं, फक्त कुठे हरीण दिसत नाही ना ते बघून.

हँड वॉर्मरच्या पुड्या स्वस्त आहेत, त्यात लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की गंजते आणि त्यातून ऊब येते. म्हणजे हवा हवीच, हाताची पुडी घट्ट बुटात कोंबली तर विझल्यासारखी होते, पायाच्या वेगळ्या येतात, त्या मोज्यावर चिकटवायच्या, कातडीवर नाही, भाजतं. अर्धी वापरलेली पुडी हवाबंद पिशवीत टाकली तर नंतर चालते.

पोटभर खाऊन निघ, थर्मासमध्ये गरम चहा ने. कोणी ब्रँडीचा घोट दिला तर नको म्हण, गरम वाटतं पण कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडून आतली ऊब बाहेर जाते. सिगरेट तर उलट आकसवते.

बोटं दुखतायत तोवर ठीक, दुखायचं थांबून बधीर झाली की लगेच उठ आणि गाडीत जा, हरीण गेलं तर जाऊ दे, बरोबरच्यांना हे आधीच सांगून ठेव. वारा धरून तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत फ्रॉस्टबाइट, म्हणजे कातडी गोठून इजा, होऊ शकतं. बोट पांढरं, मेणासारखं दिसलं तर चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, ३७ ते ३९ डिग्रीच्या पाण्यात ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा, पण परत गोठायची शक्यता असेल तर बाहेर वितळवत बसू नकोस.

आता तुझ्या एसीच्या गोष्टीवरून, बोटं नुसती गार होतात की पांढरी पडून मग निळसर होतात ते नीट बघ. रंग बदलत असेल तर निघायच्या आधी फॅमिली डॉक्टरला दाखव, तो रेनॉडचा त्रास असू शकतो, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात. डायबेटिस असेल तरी विचार, पायाची जाणीव कमी असली तर गारठलेलं कळतच नाही.

टीमला विचारून घे की बसायला उघडं मचाण आहे की बंद ब्लाइंड, म्हणजे लपून बसायची छोटी खोली. बंद असेल आणि आत प्रोपेनचा हीटर लावत असतील तर खिडकी थोडी उघडी ठेवायला सांग, कार्बन मोनॉक्साइड साचतो. आणि बाकीच्या शिकाऱ्यांना तू लांबून दिसावास म्हणून केशरी जाकीट सगळ्यात वर घालायचं असतं, त्यामुळे जाड जॅकेटवर बसेल एवढं मोठं घे.